अंकलिपी, गल्ला आणि भिशीची वही

(बी. कॉम. भाग २)

वार्षिकासाठी लेख मागताना सर वर्गात म्हणाले, "वाणिज्य शाखेची मुले दरवर्षी कविताच देतात. या वर्षी कोणीतरी पैशावर लिहा." वर्ग हसला. पैशावर लिहायला आधी तो जवळ असावा लागतो, असे मागच्या बाकावरून कोणी म्हणालेही. मला मात्र ती सूचना पटली. शेअर बाजार किंवा अर्थसंकल्प यांवर लिहिण्याएवढा माझा अभ्यास नाही. परंतु लहान मुलांना पैसा कसा शिकवतात, आणि तोही चित्रांच्या पुस्तकांतून, यावर मला थोडे सांगता येईल. कारण तसे एक पुस्तक आमच्या सुरतेच्या घरी आहे.

आमचे घर लिंबायतला. वडील यंत्रमागावर कामाला आहेत. आमचे मूळ गाव अक्कलकोट तालुक्यात, आणि आईचे माहेर सीमेपलीकडे आळंदचे. म्हणून घरात मराठी आणि कन्नड दोन्ही, गल्लीत गुजराती, हिंदी, ओडिया, आणि माझी शाळा महापालिकेची मराठी. सुरत महापालिका इतक्या भाषांतून शाळा चालवते, हे इकडे कोणाला सांगितले तर खरे वाटत नाही. असो.

ते पुस्तक म्हणजे आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, अंकलिपी. मुखपृष्ठ केव्हाच गेले, त्यामुळे ती कोणी छापली हे कळायला मार्ग नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीला महापूर आला तेव्हा आमच्या खोलीत गुडघाभर पाणी शिरले होते. त्या पाण्याची तांबूस रेघ प्रत्येक पानावर आहे. पहिल्या पानांवर 'अ' अननसाचा वगैरे नेहमीचीच चित्रे. मधल्या पानांवर पाढे. आणि शेवटी, जिथे आजच्या अंकलिपीत मोटारी आणि फळे असतात, तिथे एका पानावर नाणी काढलेली आहेत: पै, पैसा, अर्धा आणा, आणा, दोन आणे, पावली, अधेली, रुपया. चित्रे काळ्या रेघांची, रंग नाही. परंतु चौकोनी नाणे चौकोनी आणि कातरलेल्या कडांचे कातरलेलेच काढले आहे. आबा सांगतात की खेड्यातल्या पोराने रुपया हातात क्वचितच धरलेला असे. त्याने तो पहिल्यांदा पाहिला तो या पानावर.

ज्यांना परदेशात मुलांची चित्रमय पुस्तके म्हणतात, तशी ही नव्हे. हिच्यात गोष्ट नाही, नायक नाही, 'बचत करा' असा उपदेशही नाही. तरीसुद्धा आपल्याकडच्या कित्येक पिढ्या पैसा शिकल्या त्या याच पुस्तकावर. कन्नड विभागाच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको, कारण उत्तर कर्नाटकातही या पुस्तकाला 'अंकलिपी'च म्हणतात.

आता त्या पाढ्यांविषयी. एकपासून तीसपर्यंतचे पाढे आपल्यालाही येतात, निदान यावेत अशी अपेक्षा असते. पण आबांच्या पुस्तकात त्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी आहे. म्हणजे अनुक्रमे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मला वाटले की मास्तरांनी मुलांना छळण्यासाठीच हे काढले असावेत. दोनचा पाढा समजू शकतो, अडीचचा कशाला?

याचे उत्तर मला आबांनी दिले आणि ते मला कोणत्याही क्रमिक पुस्तकात मिळाले नव्हते. जुन्या मापात मणाचे शेर चाळीस आणि रुपयाचे आणे सोळा. बाजारात भाव बोलला जाई मणाचा, आणि गरिबाला माल घ्यायचा असे शेर-दोन शेर. गूळ बारा रुपये मण असेल तर शेराला किती? बारा रुपयांचे एकशे ब्याण्णव आणे, भागिले चाळीस. तोंडी करायला अवघडच. पण चाळीसला सोळाने भागले की अडीच येतात. म्हणून नियम असा: मणाला जितके रुपये, अडीच शेरांना तितकेच आणे. बारा रुपये मण, तर अडीच शेरांचे बारा आणे. पाच शेरांचे चोवीस, म्हणजे दीड रुपया. भागाकार कुठेच नाही. बाजारात 'अडीच' हा आकडा असा पदोपदी येत असे, आणि तो पाठ असलेल्या पोराला दुकानदार सहसा फसवू शकत नसे.

वजने आणि नाणी यांचे नातेही आजच्यापेक्षा जवळचे होते. १८३५ साली कंपनी सरकारने एकसारखा रुपया पाडला, त्याचे वजन एकशेऐंशी ग्रेन, म्हणजेच एक तोळा. ऐंशी तोळ्यांचा शेर. थोडक्यात, तराजूच्या एका पारड्यात ऐंशी रुपये टाकले की दुसऱ्या पारड्यात शेरभर माल. ज्याच्याजवळ ऐंशी रुपये आहेत त्याला वजनाची गरज नाही, आणि ज्याला वजनाची गरज आहे त्याच्याजवळ ऐंशी रुपये नाहीत, असा आबांचा यावर शेरा आहे.

आबा शाळेत असतानाच ही सगळी व्यवस्था बदलली. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पुढच्या वर्षी ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आले. आबांच्या हातात थोरल्या भावाची जुनी अंकलिपी, आणि फळ्यावर मास्तर लिहिताहेत नवे पैसे! नवे पुस्तक घ्यायला पैसे नव्हते, म्हणून मास्तरांनी सांगितलेले कोष्टक आबांनी नाण्यांच्या पानाच्या समासात शाईने उतरवून घेतले. ते अजून वाचता येते: १ आणा ६, २ आणे १२, ३ आणे १९, ४ आणे २५.

वाचकहो, हे कोष्टक जरा निरखून पाहा. आण्याला सहा, मग दोन आण्यांना बारा, हे ठीक. तीनला अठरा हवेत, एकोणीस कसे? आणि चारला चोवीस हवेत; पंचवीस कसे? गंमत अशी की सोळा आण्यांचे शंभर पैसे, म्हणजे एका आण्याचे सव्वासहा. पाव पैसा कोणालाच देता येत नाही. म्हणून नियम असा ठेवला की अर्धा किंवा त्याहून कमी अपूर्णांक असेल तर सोडून द्यायचा, अर्ध्याहून जास्त असेल तर पुढचा पूर्ण पैसा धरायचा. दोन आण्यांचे साडेबारा. अर्धा सोडला, बारा. तीन आण्यांचे पावणेएकोणीस, एकोणीस. चार आण्यांचे बरोबर पंचवीस.

यातून पोरांनी काय शोधले असेल? चार आण्यांची वस्तू एकदम घेतली तर पंचवीस पैसे पडतात, पण दोन-दोन आण्यांची करून दोन वेळा घेतली तर चोवीसच! आबा म्हणतात, असे वाचवलेले पैसे त्यांनी मातीच्या गल्ल्यात टाकले होते. त्याच्या उलट जुन्या एका पैशाचे नव्या हिशेबात दीड पैशाहून किंचित जास्त होत, म्हणून त्याला दोन धरत. तेव्हा सुटा पैसा खपवणाऱ्याचा फायदा आणि आणा मोडून घेणाऱ्याचा तोटा. सरकारी कोष्टकातला हा पाव-अर्धा पैसा कोणाच्या तरी खिशातून जात होता आणि कोणाच्या तरी खिशात पडत होता, आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना ते कळत होते. आमच्या वर्गात 'पूर्णांकन' हा शब्द शिकवताना इतके जिवंत उदाहरण कोणी दिले नाही.

१९६४ च्या जूनमध्ये नव्या पैशातला 'नया' गेला. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. तेव्हा मी बालवाडीत असेन. मी चार आण्यांचे नाणे वापरलेले नाही. तरी 'चार आणे', 'सोळा आणे खरे' हे माझ्या तोंडी आहेच. भाषेला नाण्याहून जास्त आयुष्य असते.

आणि सुरतेत तर पैसाही पुरता मेलेला नाही. मागावरची मजुरी मीटरवर ठरते आणि तिचा भाव रुपये-पैशांत असतो. पंधरा-वीस पैशांनी भाव खाली आला की गल्लीतली संध्याकाळ गप्प होते. मीटरला सव्वा रुपया दर असेल तर एकशेसाठ मीटरचे किती? माझ्या वयाची मुले मोबाईल काढतात. सवायकी पाठ असलेला माणूस एकशेसाठात त्याचा पाव, म्हणजे चाळीस, मिळवतो आणि दोनशे म्हणून मोकळा होतो.

औटकीचा प्रताप मी प्रत्यक्ष पाहिला आहे. आई घरी साड्यांचे जादा धागे कापण्याचे काम करते. त्या वेळी दर होता साडेतीन रुपये साडी. एका संध्याकाळी माल न्यायला आलेल्या माणसाने सेहेचाळीस साड्या मोजल्या आणि एकशे एक्कावन्न रुपये पुढे केले. मी तिथेच अभ्यास करीत होतो. मला काही खटकले नाही. आबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते तसेच, न वळता म्हणाले, "चाळीस औट एकशे चाळीस, सहा औट एकवीस. एकशे एकसष्ट." त्या माणसाने मोबाईलवर करून पाहिले आणि निमूटपणे दहाची नोट काढली. चुकून झाले असेल, नसेलही.

दारात उभ्या असलेल्या गुजराती काकी हसून म्हणाल्या, "डोसाने ऊंठां न भणावाय!" म्हणजे म्हाताऱ्याला फसवता यायचे नाही. गुजरातीत साडेतीनच्या पाढ्याला 'ऊंठां' म्हणतात, आणि 'ऊंठां भणाववां', म्हणजे एखाद्याला साडेतीनचा पाढा पढवणे, याचा अर्थ त्याला बनवणे. आमचा 'औट' आणि त्यांचा 'ऊंठां' एकाच घरचे: संस्कृतात 'अर्धचतुर्थ', म्हणजे चौथा अर्धाच असलेले, तीन आणि अर्धा. त्याचप्रमाणे अडीच म्हणजे 'अर्धतृतीय'. 'पाव' हा 'पाद', म्हणजे पाय. चार पायांतला एक. कन्नडमध्ये पावाला 'कालु' म्हणतात आणि पायालाही 'कालु'च. दोन निराळ्या कुळांतल्या भाषांनी मोजायला जनावराचा एकच पाय धरला, ही गोष्ट मला फार आवडते. माझ्या अज्जीला ती सांगितली तेव्हा ती म्हणाली, "मग तीन पायांवर काय उभे राहते?" मुक्कालु, म्हणजे पाऊण, हे तिने स्वतःच्या उत्तरात स्वतःच सांगून टाकले.

आता परदेशी पुस्तकांकडे वळतो. ती मी कागदावर नव्हे, मोबाईलवर, कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवताना पाहिली. अमेरिकेत अशा पुस्तकांची मोठी परंपरा आहे. १९७८ साली ज्युडिथ व्हायर्स्ट या लेखिकेचे अलेक्झांडर नावाच्या मुलाचे पुस्तक निघाले. आजी-आजोबा त्याला एक डॉलर देतात; त्याला तो साठवायचा असतो; पण च्युइंगगम, पैजा, तासाभरासाठी भाड्याने घेतलेला साप, वाईट शब्द बोलल्याचा दंड असे करता करता डॉलर संपतो, आणि हातात राहतात बसची टोकने. पैसा कसा जातो हे त्यात इतके खरे दाखवले आहे की हसता हसता मला माझा पहिल्या महिन्याचा मेसचा हिशेब आठवला.

दुसरे पुस्तक वेरा विल्यम्स यांचे, १९८२ सालचे. एक मुलगी, तिची आई आणि आजी. आगीत त्यांचे सामान जळून गेले आहे. आई हॉटेलात वाढपिणीचे काम करते, आणि दमून आल्यावर तिला बसायला आरामखुर्ची नाही. म्हणून तिघी एका मोठ्या काचेच्या बरणीत सुटी नाणी टाकत जातात. बरणी भरते, त्या बँकेत जाऊन नाण्यांच्या नोटा करून आणतात, आणि गुलाबांच्या नक्षीची खुर्ची घेतात. बस्स. व्याज नाही, युक्ती नाही. चित्रे मात्र अशी रंगवली आहेत की बरणीसुद्धा घरातले माणूस वाटते. आईला ते दाखवले. तिने शेवटपर्यंत पाहिले आणि विचारले, "बरणी कुठे ठेवली होती? रात्री कोणी नेली नाही?"

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २००७ साली मुलांसाठी चित्रकथा काढल्या. त्यांत राजू नावाचा मुलगा आहे, पैशांच्या झाडाची कल्पना आहे, आणि बँकेत ठेवलेला पैसा व्याजाने वाढतो हे सोपे करून सांगितले आहे. त्या अनेक भारतीय भाषांत निघाल्या. त्याआधीच्या पिढीला शाळेतली 'संचयिका' होती. माझ्या वडिलांच्या शाळेत ती चाले; मुलेच व्यवस्थापक, मुलेच कारकून, आणि दर आठवड्याला चार-आठ आणे भरायचे. वडील एक वर्ष कारकून होते. त्यांचे अक्षर अजून सुंदर आहे, त्याचे श्रेय ते संचयिकेच्या पासबुकांना देतात.

ही सगळी पुस्तके चांगलीच आहेत. पण त्यांच्यात एक गोष्ट सारखी आहे, आणि माझ्या लक्षात ती उशिरा आली. चित्रात नेहमी एक मूल असते आणि एक डबा असतो. फार तर समोर बँक किंवा दुकानदार. शेजारी कोणी नसते. आमच्या गल्लीत पैसा डब्यात क्वचितच बसतो. तो या घरातून त्या घरात फिरत असतो. आणि फिरणाऱ्या पैशाचे चित्र अंकलिपीतही नाही.

म्हणून आता भिशीबद्दल सांगतो. (आळंदकडे तिला 'चीटी' म्हणतात.) भिशी कशी चालते हे बहुतेकांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात: आमच्या गल्लीच्या भिशीत चोवीस बायका होत्या. दरमहा प्रत्येकीचे पाचशे, म्हणजे बारा हजार जमत. ज्या बाईने भिशी सुरू केली तिने पहिली उचलली, तशी रीतच आहे. पुढे दर महिन्याला चिठ्ठ्या टाकायच्या, जिचे नाव निघेल तिला बारा हजार. चोवीस महिन्यांत सगळ्यांची पाळी येते. कोणाला व्याज नाही, कोणाचा तोटा नाही. जिची पाळी लवकर येते तिला बिनव्याजी कर्ज मिळाले असे समजा. जिची उशिरा येते तिची सक्तीची बचत झाली.

मी नववीत होतो, साल २०१९. वही माझ्याकडे होती, कारण माझे अक्षर चांगले आणि पाढे पाठ. चिठ्ठीही माझ्याच हाताने काढत. आईला लवकर पाळी नको होती. माझ्या कॉलेजच्या वेळी एकदम रक्कम हातात यावी, म्हणून शेवटी शेवटी नाव निघाले तर बरे, असे ती म्हणे. सतरा महिने सगळे सुरळीत चालले. अठराव्या महिन्याचे पैसे गोळा झाले, आणि चिठ्ठीच्या आदल्या रात्री भिशीवाली बाई खोली रिकामी करून गेली. कुठे गेली, कोणाला कळले नाही.

दुसऱ्या दिवशी बायका आमच्या दारात जमल्या. मी वही काढून दाखवली. एकही खाडाखोड नव्हती. प्रत्येकीचा प्रत्येक हप्ता तारखेसह होता. आईने वही हातात घेतली, पाने उलटली आणि कन्नडमध्ये म्हणाली, "लेक्क सरी अद. रोक्क एल्लि?" हिशेब बरोबर आहे. पैसे कुठे आहेत? तिने ते रागाने विचारले नव्हते. तिला खरोखरच वाटत होते की वहीत ते कुठेतरी लिहिलेले असेल.

त्या वेळी सगळी गल्ली, आणि मीही, एकच वाक्य बोलत होतो: बाई सगळ्यांचे पैसे घेऊन पळाली. हे वाक्य चुकीचे आहे हे मला समजायला बी. कॉम.च्या पहिल्या वर्षात यावे लागले. पुस्तपालनाच्या तासाला येणे आणि देणे शिकवत होते. त्या रात्री वसतिगृहात मी आठवणीतून भिशीची वही पुन्हा मांडली.

ज्या सात जणींचे नाव निघाले नव्हते, त्यांनी प्रत्येकी अठरा हप्ते, म्हणजे नऊ हजार भरले होते. सातींचे मिळून त्रेसष्ट हजार. हा झाला तोटा. आता बाईने नेले किती? अठराव्या महिन्याचे इतर तेवीस जणींचे साडेअकरा हजार. शिवाय तिने स्वतः पहिल्या महिन्याला बारा हजार उचलले होते आणि सतरा हप्त्यांत परत केले होते साडेआठ. म्हणजे साडेतीन तिच्याकडे राहिले. एकूण पंधरा हजार. मग त्रेसष्टमधले उरलेले अठ्ठेचाळीस हजार गेले कुठे?

ते गल्लीतच होते. सोळा शेजारणींनी बारा-बारा हजार उचलले होते आणि नऊ-नऊ हजार भरले होते. प्रत्येकीकडे तीन हजार राहिले. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. बाई पळाल्यावर त्यांनी भरणे थांबवले, कारण आता भरायचे कोणाकडे? त्यांतली एकही चोर नव्हती. त्यांना वाटत होते की आपण बाईचे देणे लागतो, आणि बाईच नाही. आपण देणे लागतो ते त्या सात जणींचे, हे कोणाच्या मनातच आले नाही. माझ्याही नाही, आणि वही तर माझ्या हातात होती. मी फक्त 'भरले' हा एकच रकाना आखला होता. 'येणे' हा रकाना आखला असता तर त्या सकाळी दारातच सगळ्यांना दिसले असते.

ज्यांनी कायदा केला त्यांना मात्र हे ठाऊक होते. चिट फंडांसाठी १९८२ चा केंद्रीय कायदा आहे. त्यात चालवणाऱ्याने नोंदणी करावी आणि एका चिटच्या रकमेइतके तारण ठेवावे, असे आहे. एवढेच नव्हे, ज्या सभासदाला रक्कम मिळाली त्यानेही पुढच्या हप्त्यांसाठी तारण द्यावे, असे आहे. म्हणजे पहिल्या नियमाने आमचे बारा हजार सुरक्षित राहिले असते आणि दुसऱ्याने बाकीचे. पण गल्लीतली भिशी कोण नोंदवतो? चाळीतल्या बाईकडे तारण मागणे म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवणे, आणि भिशी तर विश्वासावरच चालते, असे तेव्हा सगळ्या म्हणत.

सुट्टीत सुरतेला गेलो तेव्हा हा हिशेब मी आईला दाखवला. मला वाटले ती सोळा जणींकडे जाईल. ती म्हणाली, "आता? त्यांतल्या चौघी गावी गेल्या. दोघींकडे मी मीठ मागायला जाते." मग थोडा वेळ थांबून तिने विचारले, "हे तू तेव्हा का नाही सांगितलेस?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. अलेक्झांडरचा डॉलर उधळपट्टीत गेला. आईचे नऊ हजार तिने पाळीची वाट पाहिली म्हणून गेले. माझ्या पहिल्या वर्षाची फी मग आत्याकडून उसनी घेतली, आणि ती अजून फिटायची आहे.

आबांनी मात्र तो कागद नीट घडी करून अंकलिपीत ठेवला. पुढे कधीतरी त्यांनीच तो समोरच्या खोलीतल्या ओडिया वहिनींना वाचून दाखवला असावा. त्या वहिनींनी तिसऱ्या महिन्यात भिशी उचलली होती. दिवाळीनंतर त्या एका संध्याकाळी आल्या, आईच्या हातावर पाचशे रुपये ठेवले आणि म्हणाल्या की दरमहा एवढे देईन, सहा महिने. सातही जणींत वाटा.

पाचशे भागिले सात. आबा खाटेवरून म्हणाले, "एकाहत्तर. तीन उरतात." प्रत्येकीला एकाहत्तर रुपये दिले आणि उरलेले तीन आईने डब्यात टाकले. असे सहा महिने चालले. शेवटी डब्यात अठरा रुपये झाले. प्रत्येकीला दोन-दोन वाटले आणि चार उरले. वही आता पुन्हा माझ्याकडे आहे. तिच्या शेवटच्या पानावर, नव्याने आखलेल्या रकान्यात, आईने सांगितल्याप्रमाणे लिहिले आहे: वहिनींचे देणे फिटले. पंधरा जणींकडून येणे पंचेचाळीस हजार. शिल्लक चार रुपये, डब्यात.